नाताळचा तारा लावायचा की माळ्यावर टाकायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. लग्नाला चार वर्षं झाली, राहायला नाशिकरोडला. यजमान वर्षभरापासून एका नव्या प्रार्थना-गटात जातात. तिथं त्यांना शिकवलं गेलं की नाताळ हा मुळात रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण, ईस्टर बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, इश्तार देवीचा आणि ख्रिसमसचं झाड म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने निषेध केलेली मूर्ती. खऱ्या विश्वासणाऱ्याने हे सगळं सोडायला हवं. गेल्या डिसेंबरात सासूबाईंनी गॅलरीत लावलेला तारा त्यांनी उतरवून माळ्यावर टाकला आणि सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आता शेजारच्या काकूंच्या दिवाळीच्या फराळावरून आणि संक्रांतीच्या तिळगुळावरूनही घरात धुसफुस चालू आहे. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंत.

मी एकतीस वर्षं चर्चचा पाळक (पास्टर) म्हणून सेवा केली. त्यातली अठरा नाशिक शहरात आणि सुरगाणा-पेठच्या बाजूला गेली. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी घेऊन आलं आहे आणि पुष्कळदा डोळ्यांत पाणी घेऊन आलं आहे. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. एखादा दिवस कुठून आला, यावरून तो पवित्र की अपवित्र हे ठरत नाही, असं मी पवित्र शास्त्रावरून, म्हणजे बायबलवरून, समजतो. त्या दिवशी आपले गुडघे कुणापुढे टेकतात आणि आपल्या शेजारी बसलेल्या, विश्वासात अशक्त असलेल्या भावाचं त्याने काय होतं, हे मी पाहतो. तुमच्या यजमानांनी नाताळ पाळला नाही तर ते पाप करत नाहीत. आईचा तारा उतरवून माळ्यावर टाकला, ते मात्र चुकलं.

आता इतिहास, कारण त्यांना जे सांगितलं गेलं त्यातलं बरंच मुळातच कच्चं आहे.

रोमी लोकांचा सॅटर्नेलिया हा सण १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि २३ला संपायचा. म्हणजे २५ तारखेशी त्याचा मेळ बसत नाही. मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, असं व्हिडिओत ठासून सांगतात, पण तसा एकही प्राचीन पुरावा नाही. उरतो तो ‘अजिंक्य सूर्य’. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचं मोठं मंदिर बांधलं, हे खरं. पण २५ डिसेंबरला ‘अजिंक्य’ देवाचा जन्मदिन, त्यानिमित्त तीस रथशर्यती, ही नोंद पहिल्यांदा सापडते ती इ. स. ३५४ च्या एका रोमी पंचांगात. आणि त्याच संग्रहात हुतात्म्यांच्या एका यादीच्या सुरुवातीला लिहिलं आहे की २५ डिसेंबरला यहूदीयातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. ही यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. म्हणजे दोन्ही सणांचा पहिला लेखी पुरावा एकाच हस्तलिखितात आहे. कुणी कुणाचा दिवस घेतला, हे त्यावरून छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. बाराव्या शतकातल्या एका सिरियाक भाष्याच्या समासात मात्र कुणीतरी लिहून ठेवलं आहे की सूर्याचा सण मोडण्यासाठी मंडळीने, म्हणजे चर्चने, हा दिवस धरला. आजचा सगळा डोलारा बऱ्याच अंशी त्या टिपेवर उभा आहे आणि ती टीप घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिलेली आहे.

दुसरा एक रस्ता आहे, आणि मला तो जास्त पटतो. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की प्रभू वधस्तंभावर खिळला गेला तो २५ मार्चला. जुन्या विश्वासणाऱ्यांत अशी समजूत होती की प्रभूचं गर्भात येणं आणि त्याचं मरण एकाच तारखेला झालं. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्यांनी हाच हिशेब ६ एप्रिलपासून धरला आणि त्यांचा सण ६ जानेवारीला पडला. आर्मेनियाची मंडळी आजही प्रभूचा जन्म त्याच दिवशी पाळते. यात सूर्याच्या देवळाचा काही संबंध येत नाही. अर्थात खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, शुभवर्तमानात ती दिलेली नाही. इ. स. ३८६ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तम हा उपदेशक आपल्या लोकांना २५ डिसेंबर पाळा म्हणून समजावत होता आणि ही तारीख आपल्याकडे येऊन दहा वर्षंही झाली नाहीत, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं.

ईस्टरचं प्रकरण तर आणखी सोपं आहे. इश्तार आणि ईस्टर यांचा संबंध फक्त कानाला ऐकू येणारा आहे. १८५० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका पाळकाने अशी नावं जुळवून एक पुस्तिका काढली, पुढे ती वाढवत नेली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं ते तिथूनच निघालेलं आहे. ‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजांचा आणि जर्मनांचा. इ. स. ७२५ मध्ये बीड नावाच्या इंग्रज साधूने लिहिलं की त्यांच्या एका महिन्याचं नाव एओस्त्रे देवीवरून पडलं होतं. त्या देवीबद्दल जुन्या काळातली माहिती तेवढीच. बाकी बहुतेक भाषांत या सणाला ‘पास्का’ किंवा त्यावरूनच आलेलं नाव आहे, म्हणजे आपल्या शास्त्रातला वल्हांडण सण. गोव्यात पास्कांचं फेस्तच म्हणतात. इंग्रजांच्या एका महिन्याच्या नावावरून सुरगाण्यातल्या म्हातारीने पुनरुत्थानाची पहाटेची उपासना सोडावी, हे मला कोणत्याच बाजूने समजत नाही. अंड्यांचं म्हणाल तर मध्ययुगात उपासकाळाचे चाळीस दिवस अंडी खायची बंदी होती, कोंबड्या काही उपास धरत नाहीत, म्हणून सणाच्या दिवशी घरात अंड्यांची रास असायची.

झाडाबद्दल एवढंच सांगतो की सजवलेल्या झाडाची जुनी वर्णनं सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्ट्रासबर्गच्या भागातून येतात, आणि यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात सुतार लाकूड तोडतो, त्याला आकार देतो, सोन्यारुप्याने मढवतो, पडू नये म्हणून खिळे ठोकतो, ती मूर्ती घडवण्याची कृती आहे. तुमच्या घरात सुरूच्या फांदीला कुणी नमस्कार करत नाही ना? मग ते वचन तिथं लागू होत नाही. हॅलोविनवर मी वेळ घालवत नाही. काही इंग्रजी शाळांत पोरांना भुताचे मुखवटे घालायला लावतात, पोराला नको वाटलं तर त्या दिवशी घरी ठेवा.

तरीही, ताई, इतिहासाने हा प्रश्न सुटत नाही, आणि यजमानांशी बोलताना इतिहासावर फार जोर देऊ नका. समजा उद्या पक्का पुरावा मिळाला की तो दिवस खरंच सूर्याचा होता. मग काय? आपण दर आठवड्याला ‘रविवारी’ उपासनेला जमतो. रवीचा वार, सूर्याचा. सोम, मंगळ, बुध, सगळे ग्रह आणि देव. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मुळात लॅटिन, अर्थ जन्माचा दिवस, आणि त्या रोमी पंचांगात सूर्यासाठीही हाच शब्द वापरला आहे. आणखी जवळ या. आपण ज्याला ‘परमेश्वर’ म्हणतो, तो शब्द मराठी पवित्र शास्त्र छापलं जाण्याआधी शेकडो वर्षं या गोदाकाठी दुसऱ्या अर्थाने उच्चारला जात होता. ‘प्रभू’, ‘भजन’, ‘उपासना’, ‘प्रार्थना’, ‘पवित्र’, यातला एकही शब्द मिशनऱ्यांनी बोटीतून आणलेला नाही. शरणपूर हे नावच घ्या. १८५० च्या दशकात नाशकाबाहेर ख्रिस्ती वसाहत झाली, तिला नाव ठेवलं ते ‘शरण’ या शब्दावरून, आणि हा शब्द आधी कुणाकुणाच्या तोंडी होता हे नाशिककराला सांगायला नको. बौद्ध भिक्खूंची पांडवलेणी इथून दिसतात.

नावांचंही तसंच. नव्या करारातला अपुल्लोस, त्याचं नाव अपोलो देवावरून. एपफ्रदीत, अफ्रोदीती देवीवरून. फीबी हेही अपोलोशी नातं सांगणारं नाव. प्रेषित पौलाने यांच्यातल्या कुणालाही नाव बदल असं सांगितलेलं नाही, उलट त्या नावांनीच त्यांची शिफारस केली. दानीएलाला बाबेलात ‘बेलटशस्सर’ म्हणत, आणि नबुखद्नेस्सर राजा स्वतः सांगतो की ते त्याच्या देवाच्या नावावरून ठेवलं. दानीएलाने राजाचं अन्न नाकारलं, पण नावावरून भांडला नाही. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते नारायण म्हणूनच राहिले. त्यांच्या पत्नी, जलालपूरच्या लक्ष्मीबाई, पुढे बाप्तिस्मा घेऊनही लक्ष्मीबाईच राहिल्या. नाशकात शिकलेल्या टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी आणलं, आणि आज तुमच्या यजमानांच्या गटातही ती भजनं टाळ्या वाजवत म्हणत असतील. त्यांना विचारा, अभंगाचा छंद आधी कुणासाठी होता?

आणखी एक. तुमच्या गळ्यात मंगळसूत्र असेल, बहुतेक त्यात छोटा क्रूस असेल. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागली असेल, करवल्या नाचल्या असतील. यजमानांच्या बोटात अंगठी असेल, आणि तीही रोमी लोकांची रीत. मूळ खणायला बसलं तर घरात काय उरेल? नाताळला आपल्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात, केक नंतर आला. ताऱ्याच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ दिवाळीच्या आकाशकंदिलासारखीच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जुन्या नाशकात दोन्ही करायचे, एकाच ओसरीवर. ऑक्टोबरात सहा बाजूंचे कंदील, आणि दिवाळी झाली की पाच टोकांचे तारे. कामटी तीच, विस्तवावर धरून वाकवायची पद्धत तीच. मी एकदा बसून पाहिलं. कामटी वाकवताना ते बोटाला थुंकी लावून तिचा गरमपणा बघायचे, आणि ताऱ्याचं पाचवं टोक जुळलं नाही तर सगळं सोडवून पुन्हा बांधायचे. त्यांनी बांधलेला तारा आमच्या चर्चच्या कमानीवर बारा वर्षं लागला. त्या ताऱ्याखाली कोणाची स्तुती होते, हे बघणाऱ्याला कळत होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून मांडायची आहे, कारण तुमचे यजमान निव्वळ हट्टी आहेत असं मला वाटत नाही.

नाताळ नको म्हणणं ही काही नवी टूम नव्हे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर सगळे सण रद्द केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. हे करणारे लोक देवभीरू होते, शास्त्र तोंडपाठ असलेले. आणि १८१३ मध्ये मुंबईत उतरून पुढे नगरच्या बाजूला ज्यांनी सुवार्ता नेली, ते अमेरिकन मिशनरी याच परंपरेतले. आपल्या कितीतरी मराठी घराण्यांनी येशूचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते नाताळचं फारसं कौतुक नसलेल्या माणसांच्या तोंडून. म्हणून या मताला ‘पाखंड’ म्हणू नका.

त्यांच्या हातात वचनंही आहेत. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की ही राष्ट्रं आपल्या देवांची सेवा कशी करत होती याची चौकशी करून तसंच माझ्यासाठी करू नका. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात अहरोन सोन्याचं वासरू करतो आणि जाहीर करतो, उद्या परमेश्वराचा सण! नाव परमेश्वराचं, नाच वासरापुढे. हे वचन मला दर वेळी गप्प करतं. नुसतं ‘आम्ही प्रभूसाठी करतो’ म्हटल्याने सगळं चालतं असं समजणाऱ्यांनी ते नीट वाचावं. पण त्या दोन्ही ठिकाणी काय घडत होतं तेही वाचा. अनुवादात लगेच पुढे लिहिलं आहे की ती राष्ट्रं आपल्या मुलामुलींना अग्नीत होमतात. अहरोनाने समोर मूर्ती उभी केली होती. देवाचा राग तारखेवर नव्हता. शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा पितळेचं काम करायला सोरेचा हिराम आणला आणि देवडी, पवित्रस्थान, परमपवित्रस्थान ही तीन भागांची रचना आजूबाजूच्या राष्ट्रांच्या देवळांतही होती. तरी परमेश्वराच्या तेजाने ते मंदिर भरलं, आणि आत मूर्ती नव्हती.

नियमशास्त्रात नसलेला सण पाळणं हेच पाप असतं तर प्रभू स्वतः त्यात सापडला असता. योहानाच्या दहाव्या अध्यायात हिवाळ्यात मंदिराच्या शुद्धीकरणाचा सण होता आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. तो सण मोशेने दिलेला नव्हता. मक्काबी या यहुदी घराण्याच्या काळात, प्रभूच्या जन्माच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी माणसांनी ठरवलेला होता. प्रभूने त्यावर टीका केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि पौलाने रोमकरांना चौदाव्या अध्यायात सरळ सांगितलं की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. तिथं तो निकाल देत नाही. एकमेकांना तुच्छ मानू नका आणि दोषी ठरवू नका, एवढं मात्र बजावतो. तुमच्या घरातलं भांडण या एका अध्यायात जसंच्या तसं आहे.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तिने मला हा अध्याय खऱ्या अर्थाने शिकवला.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची लहानशी मंडळी होती, बहुतेक कोकणा आदिवासी. तिकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. व्रत धरलेले लोक, ज्यांना माऊल्या म्हणतात, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर रात्र रात्र नाचतात, अंगात वारं येतं. नाताळही त्याच दिवसांत. एका वर्षी मंडळीतल्या तरुणांनी विचारलं, साहेब, पेटी-तबला शहरातला, आपल्या पावरीवर प्रभूचं गाणं वाजवू का? मला अतिशय आनंद झाला. मी टिळकांची भजनं गात मोठा झालेला माणूस, म्हटलं हेच तर हवं. आणि मी होकार दिला.

त्या रात्री पहिल्या ओळीत एक म्हातारे बाबा बसले होते. बाप्तिस्म्याआधी ते वर्षानुवर्षं डोंगऱ्यादेवाच्या माऊल्यांत नाचलेले. पावरीचा पहिला लांब सूर निघाला आणि मी त्यांचे हात पाहिले. गुडघ्यांवर ठेवलेले, आणि बोटं थरथरत होती. मग मान हलायला लागली. त्यांनी दोन्ही हातांनी मांड्या घट्ट धरल्या, उठले, चपला न घालता बाहेर गेले. मी मागे गेलो तेव्हा हापशाचं थंड पाणी डोक्यावर घेत होते, डिसेंबरातल्या त्या गारठ्यात. मला म्हणाले, “साहेब, या सुरातून बाहेर निघायला मला सात वरीस लागली. तुम्ही त्याला आत आणला.”

मी तरुणांना विचारलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. पौल करिंथकरांना आठव्या अध्यायात लिहितो की मूर्ती काहीच नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, पण सगळ्यांना ते ज्ञान नाही, आणि तुझ्या ज्ञानाने तो अशक्त भाऊ नाश पावतो ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला. हे वाक्य मी शेकडो वेळा व्यासपीठावरून वाचलं होतं. त्या हापशाजवळ ते पहिल्यांदा माझ्या अंगाला लागलं. ते बाबा जिवंत होते तोवर आमच्या त्या मंडळीत पावरी वाजली नाही. तरुण नाराज झाले, मी त्यांना कारण सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं. दोन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या पाड्यावर मात्र दर नाताळला पावरी वाजते, लोक रडत रडत प्रभूचं नाव घेतात, आणि तिथं ती योग्यच आहे.

म्हणून तुमच्या यजमानांचं मन का खटकतं, ते आधी विचारा. त्यांच्या घरात आजा-पणजाकडून काही जुनं आलं आहे का? एखाद्या सणाच्या दिव्याशी, वासाशी, आवाजाशी त्यांची काही आठवण जोडलेली आहे का? की हे फक्त व्हिडिओतून आलं आहे? पहिलं असेल तर त्यांच्या मनाला जपा. दुसरं असेल तर त्यांच्याबरोबर बसून शास्त्र वाचा. या दोन माणसांना एकच औषध चालत नाही.

फराळाकडे येतो. पौलाने करिंथकरांना दहाव्या अध्यायात यावर इतकं स्पष्ट लिहिलं आहे की आपल्याला फार डोकं चालवायला नको. बाजारातलं मांस विचारपूस न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कुणी म्हणालं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि देवाच्या मेजावर बसून भुतांच्या मेजावर बसू नका. काकूंच्या घरची चकली हे बाजारातलं मांस. आरतीत हात जोडणं हे मेज. त्या दोन्हींमधे बराच मोकळा रस्ता आहे.

आम्ही सिडकोत राहत होतो तेव्हा शेजारच्या आजी दर लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे स्टीलचा डबा पाठवायच्या. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या सुनेकडून कळलं की नैवेद्य दाखवायच्या आधीच आजी आमचा डबा बाजूला काढून ठेवायच्या. मला कधी बोलल्या नाहीत. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून आमच्याकडून नाताळला त्याच डब्यात करंज्या जायच्या. त्या आजींनी माझ्या श्रद्धेला जितकं जपलं तितकं काही विश्वासणाऱ्यांनीही जपलेलं नाही. असा डबा दारातून परत पाठवण्यात कुठली साक्ष आहे?

‘प्रसाद’ म्हणून कुणी हातावर ठेवलं तर मी हात जोडून सांगतो, “काकू, प्रसाद मला चालत नाही, पण तुमच्या हातचा लाडू खायला मी उद्या येतो.” आजवर कुणी रागावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी जायला मी विसरत नाही. तिळगूळ घ्या, द्या, गोड बोला. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा, वाण घ्या. कुंकू लावून घ्यायचं की नाही हे तुमच्या मनावर, आणि तुम्ही ते पुसून टाकाल असं बघणाऱ्याला वाटू न देता आधीच हसून सांगितलेलं बरं. दसऱ्याला आपट्याची पानं कुणी हातात दिली तर माणसाचं प्रेम म्हणून घ्या. रंगपंचमीला पोरं रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उड्या मारायला निघाली, तर आधी रहाडीची पूजा होते तेवढा वेळ लांब थांबा म्हणावं आणि मग जाऊ द्या. हे माझे निर्णय. तुमचं मन एखाद्या ठिकाणी अडत असेल तर तिथं थांबा, मनाविरुद्ध करू नका. पौल म्हणतो, जे विश्वासाने नाही ते पाप.

नामानाची गोष्ट आठवते का? कुष्ठ बरा झालेला अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, परमेश्वराने एवढी क्षमा करावी. अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. ‘शांतीने जा’ एवढंच म्हणाला. हे उत्तर काही नियम करण्यासारखं नाही, पण हिंदू कुटुंबातून एकटीच विश्वासात आलेली सून जेव्हा मला विचारते की सासरी गौरी बसतात तेव्हा मी स्वयंपाक करू का, तेव्हा मला हे उत्तर फार उपयोगी पडलं आहे.

आता तुमच्या घराचं. येत्या डिसेंबरासाठी मी सुचवतो ते असं. झाड आणू नका. त्यावाचून तुमच्यात कुणाचं अडत नाही, आणि यजमानांना तेवढं बरं वाटेल. तारा मात्र माळ्यावरून काढा, फाटला असेल तर नवा कागद लावून घ्या, आणि सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीत लावा. तो त्यांचा आहे. यजमानांनी स्वतः लावून दिला तर उत्तम, पण तसा आग्रह धरू नका. त्याआधी त्यांनी आईची माफी मागावी, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा कोणत्या परक्या राष्ट्राकडून आलेली नाही.

२५ च्या उपासनेला त्यांना ओढून नेऊ नका. तुम्ही आणि सासूबाई जा. २४ च्या रात्री मात्र घरातले सगळे एकत्र बसा, दिवा कुठला लावायचा त्याची चर्चा न करता, आणि लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा. त्याला तुमच्या यजमानांची हरकत असणार नाही, ते वचनच आहे. वाचायला त्यांनाच सांगा. आणि त्यांना माझ्याशी भांडायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी पाच नंतर मी घरीच असतो, येताना निर्गमाचा तो बत्तिसावा अध्याय वाचून या म्हणावं. त्यावर मलाही त्यांच्याशी बोलायचं आहे.